शुद्ध दशमीचा सिनेमा

आमच्या घरात सिनेमाला जाण्याचा दिवस पंचांग पाहून ठरत असे. हे वाचून कोणाला वाटेल की घर फार कर्मठ होते आणि राहुकाळ टाळून तिकिटे काढली जात होती, तर तसे काही नव्हते. प्रश्न खाडीच्या पाण्याचा होता. रत्नागिरी तालुक्यातले आमचे गाव खाडीच्या एका काठाला होते, शहराकडे जाणारी वाट दुसऱ्या काठाला होती आणि मध्ये तर होती. तर म्हणजे होडीने खाडी ओलांडण्याची सोय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. गाडीरस्ताही होता, पण तो मोठा वळसा घालून जाणारा होता आणि त्या रस्त्याने शहरातून आमच्याकडे येणारी शेवटची एस.टी. संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमकी सिनेमा सुरू होण्याच्या वेळेला सुटत असे. मी सांगतो आहे तो काळ १९७४ ते १९८२ चा.

खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही, तिथी पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती येते आणि दोहोंच्या मधोमध ओहोटी असते. हा हिशेब मिनिटाला पक्का नसतो, वाऱ्यापावसाने मागेपुढे होतो, पण होडी धक्क्याला लागेल की नाही एवढे सांगायला तो पुरतो. आमच्या बाजूचा धक्का खाडीच्या एका उथळ फाट्यात होता. भरती होऊन दोन तास उलटले की तेथले पाणी ओसरे आणि होडी व धक्का यांच्यामध्ये गुडघ्याच्या वर पोचणारा चिखल उरे, ज्यात कालवांच्या शिंपा सुरीसारख्या उभ्या असत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते गावच्या शाखा डाकघराचे काम पाहत आणि टपालाची थैली तरीनेच येत असे, त्यामुळे हे गणित त्यांच्या बोटांवर होते. सिनेमासाठी त्यांनी ते उलट्या बाजूने सोडवले होते. टॉकीजचा खेळ सहाचा. त्यासाठी पाचची तर धरायची आणि रात्री साडेनऊच्या आत परत आपल्या धक्क्याला लागायचे, तर भरती साडेसातच्या सुमारास हवी. साडेसात म्हणजे दशमी. वद्य दशमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो आणि परतीची वाट काळोखाची होते, म्हणून शुद्ध दशमी. जाताना भरती पुरती आलेली नसे आणि थोडा चिखल तुडवावाच लागे, पण दिवसाउजेडी पलीकडे पाय धुता येतात. रात्री पेंगुळलेली दोन मुले आणि एक म्हातारी घेऊन तो तुडवता येत नाही, असे अण्णा म्हणत.

हिशेबी वाचक येथे विचारील की मग एकादशी काय वाईट होती. काहीच वाईट नव्हती. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे सव्वादहापर्यंत मुभा, म्हणजे सिनेमा पूर्ण पाहून शांतपणे चालत येता आले असते. अण्णांनाही हे ठाऊक होते. पण एकादशीला आजीचा उपवास असे आणि रात्री देवळात भजन असे, आणि आजीला मागे ठेवून सिनेमाला जाण्याचा विचार आमच्या घरात कोणाच्या मनाला शिवत नसे, कारण सिनेमाची खरी हौस तिलाच होती. तिच्या एकादशीपायी आम्ही आठ वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या सिनेमांचे शेवट पाहिले नाहीत, हे तिला कोणी कधी बोलून दाखवले नाही.

पावसाळ्यात रात्रीच्या तरीचा भरवसा नसे, म्हणून ते महिने गळत. उरल्या कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या सात शुद्ध दशम्या. त्यातली कार्तिकातली दशमी कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशीची, तेव्हा आजीला सवड नसे. फाल्गुनातली शिमग्यात सापडे आणि त्या दिवसांत कोकणातला माणूस पालखी सोडून कुठे जात नाही. एखादी परीक्षेत जाई, एखादी सोयरसुतकात. वर्षाला तीन, फार तर चार सिनेमे पदरात पडत. कोणता सिनेमा, हा प्रश्न आमच्या घरी विचारलाच जात नसे. टॉकीजमध्ये शुक्रवारी खेळ बदले आणि दशमीला जो लागलेला असेल तो आमचा. त्यामुळे आम्ही देवादिकांचे सिनेमे पाहिले, दरोडेखोरांचे पाहिले, ताटातूट झालेल्या भावांचे तर किती पाहिले याची गणती नाही. एका दशमीला दादा कोंडके यांचा सिनेमा वाट्याला आला तेव्हा आई अण्णांकडे पाहत नव्हती, अण्णा पडद्याकडे पाहत नव्हते आणि आजी मात्र मोकळेपणी हसत होती.

त्या दिवशी दुपारपासूनच घरात लगबग असे. आई तिखटमिठाच्या पुऱ्या करून फडक्यात बांधी, उन्हाळा असेल तर भाजलेल्या काजूबिया सोलून घेतल्या जात, आणि पाचाच्या आत आम्ही चपला हातात घेऊन धक्क्यावर उभे असू. पाणी नुकते कांदळांच्या मुळांपर्यंत चढत असे. तरवाला आम्हांला पाहताच ओळखे की आज दशमी आहे. त्याला निराळे पंचांग नको होते. पलीकडच्या विहिरीवर पाय धुतले की चपला पायात चढत, आई पदर सारखा करी आणि तेथून टॉकीजपर्यंतच्या वीस मिनिटांच्या वाटेवर आजी सर्वांच्या पुढे चाले, जी एरवी देवळाची चार पायठणे चढताना दोनदा थांबत असे.

टॉकीजला बायकांसाठी तिकिटाची वेगळी खिडकी होती आणि तेथे रांग छोटी असे, म्हणून तिकिटे काढण्याचे काम आईकडे होते. पातळ गुलाबी कागदाची ती पाच तिकिटे ती मुठीत घट्ट धरी, आणि डोअरकीपरच्या हाती जाईपर्यंत त्यांना घामाचा ओलावा आलेला असे. आम्ही मधल्या वर्गात बसत असू. खुर्च्या लाकडी होत्या आणि त्यांत ढेकूण होते, हे सांगायलाच हवे, कारण त्या काळाच्या आठवणी लिहिताना लोक ढेकणांना फार चटकन विसरतात. आजी खुर्चीवर मांडी घालून बसे. दिवे मालवले की ती पडद्याला हात जोडी, मग पुढे देव येवो की दरोडेखोर.

आधी फिल्म्स डिव्हिजनचे समाचारचित्र असे. १९४८ साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेची छोटी चित्रे मुख्य खेळाच्या आधी दाखवणे टॉकीजवाल्यांना बंधनकारक होते. आमच्याकडे ती पोचेपर्यंत शिळी झालेली असत, इतकी की आंब्याच्या दिवसांत आम्ही पुराची दृश्ये पाहत असू. त्या वेळी बाकीचे लोक बाहेर विड्या ओढत, पण अण्णा ते लक्षपूर्वक पाहत आणि सोबत घड्याळही पाहत, कारण ते पंधरा मिनिटांचे निघाले तर आमच्या वाटचा सिनेमा तेवढाच कमी होणार होता.

त्यानंतर सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येई. लोक त्याला टाळ्या वाजवत, कारण आता खेळ सुरू होणार; अण्णा मात्र पुढे झुकून ते वाचत. त्यावर सिनेमाची लांबी आणि रिळांची संख्या लिहिलेली असे. "सोळा," असे ते आईच्या कानाशी पुटपुटत, आणि आईचा चेहरा किंचित पडे. चौदा असले तर ती सावरून बसे. सोळा रिळे म्हणजे जवळजवळ तीन तास आणि त्यात मध्यंतराची भर. टॉकीजमधून पावणेनऊला उठायचे, हे ठरलेले. म्हणजे सोळा रिळांतली तेरा आमची आणि शेवटची तीन खाडीची.

हा रिळांचा हिशेब अण्णांना शिकवला तो टॉकीजच्या ऑपरेटरने. तो आमच्याच काठावरच्या एका वाडीतला होता आणि त्याच्या मनीऑर्डरी अण्णांच्या हातून त्याच्या घरी जात. एकदा मध्यंतरात त्याने मला वर यंत्राच्या खोलीत नेले. खोली तापलेली होती आणि तेथे जळक्या धातूसारखा एक वास होता, जो मला पुढे कुठेच भेटला नाही. दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी होती. त्याने एकाच्या मागची झडप उघडून काळी काच माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि कार्बनच्या दोन कांड्या दाखवल्या. त्या एकमेकींना टेकवून जराशा दूर केल्या की मधल्या फटीत वीज पेटते आणि ठिणगीऐवजी एक स्थिर पांढरा गोळा जळत राहतो. कांड्या जळून आखूड होतात, तसतशा त्या जवळ सरकवाव्या लागतात, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खाली शिट्ट्या सुरू होतात. एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते, सेकंदाला चोवीस चित्रे जातात, आणि ते संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकतो, तो पाहून दुसरे यंत्र सुरू करायचे. त्या दिवसापासून माझे सिनेमा पाहणे थोडे बिघडले. नायिका रडत असली तरी मी उजव्या कोपऱ्यावर नजर ठेवून बसे, आणि प्रत्येक ठिपक्याला मनात एक रीळ कमी करी.

पावणेनऊला अण्णा उठत. ते काही बोलत नसत, फक्त टोपी डोक्यावर ठेवत, आणि ती खूण होती. पडद्यावर त्या वेळी हमखास काहीतरी अटीतटीचे चाललेले असे. खलनायकाने आईला खांबाला बांधलेले असे किंवा धाकटा भाऊ थोरल्यावर पिस्तूल रोखून उभा असे, आणि आम्ही पाच जण वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत, त्यांची बोलणी खात रांगेतून बाहेर पडत असू. दारावरच्या जाड काळ्या पडद्यापाशी आजी एकदा मागे वळून पाही. बाहेर आल्यावरही सिनेमा लगेच संपत नसे. टॉकीजच्या भिंतींवर पत्रे होते, त्यामुळे संवाद कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपर्यंत ऐकू येत. तेथे अण्णा चपलेत खडा गेल्याचे निमित्त करून मिनिटभर थांबत. खडा प्रत्येक दशमीला जात असे.

गाण्यांची पुस्तिका हाही एक मार्ग आम्ही करून पाहिला. टॉकीजच्या दारात विकत मिळणाऱ्या त्या चार पानी पुस्तिकेत गाण्यांबरोबर कथासारही छापलेले असे. आजीच्या आग्रहावरून अण्णांनी एकदा ती घेतली आणि तरीची वाट पाहताना चांदण्यात डोळे ताणून वाचली. धाकट्या भावाला अटक होण्यापर्यंतची सगळी हकिकत त्यात होती आणि शेवटी लिहिले होते की पुढे काय झाले ते पडद्यावरच पाहा. आजीने ती पुस्तिका पाण्यात टाकली.

तेव्हा शेवट रचण्याचे काम अण्णांवर आले. होडी मधल्या पाण्यात पोचली, वल्ह्यांना लय सापडली, की आजी म्हणे, "हं, सांग आता." दशमीचा चंद्र डोक्यावरून जरासा पश्चिमेला कललेला असे, माझी बहीण आईच्या मांडीवर झोपलेली असे, आणि अण्णा उरलेली तीन रिळे सांगू लागत. डाकघरात बसून दुसऱ्यांची पत्रे लिहून देणाऱ्या माणसाला असते तशी त्यांना समेटाची फार ओढ होती. त्यांच्या सिनेमात खलनायक मरत नसे, पस्तावून गावी परत जाई आणि तेथे शेती करी. हे आजीला पसंत नसे. ज्याने आईला खांबाला बांधले त्याला तुरुंग तरी झालाच पाहिजे, असा तिचा आग्रह असे, आणि वल्ही मारणारा तरवाला आजीची बाजू घेई. त्या दोघांच्या दडपणाखाली अण्णा कधी सहा महिने, कधी वर्षभर सक्तमजुरी देत. फाशी मात्र त्यांनी कोणालाही दिली नाही.

पूर्ण पाहिलेला एक सिनेमा म्हणजे "श्यामची आई." सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी वळशाच्या रस्त्याने गावात आली आणि शाळेच्या पटांगणात चादरीएवढा पडदा लावून तो दाखवला गेला. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला आणि पुढच्या वर्षी पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवलेला हा चित्रपट आमच्या मुलखाला घरचाच वाटतो, कारण साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. यंत्र एकच होते, त्यामुळे दर रिळानंतर दिवा लागे आणि बायका डोळे पुसून घेत. तर नव्हती, घाई नव्हती, आणि आजीने आयुष्यात प्रथमच सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. शेवटी आई गेली. घराकडे चालत येताना आजी बराच वेळ गप्प होती, आणि मग म्हणाली, "यापेक्षा तरीची घाई बरी होती."

पुढे खाडीवर पूल झाला, घरी दूरदर्शन आले आणि रविवारी संध्याकाळी आमच्या अर्ध्या राहिलेल्या सिनेमांपैकी काही पुन्हा समोर आले. अण्णांचे बहुतेक शेवट चुकलेले होते. मला आश्चर्य वाटले ते इतकेच की खरे शेवट फार गडबडीचे होते. तीन रिळांत मारामारी, गोळीबार, ओळख पटणे आणि लग्न एवढे सगळे कोंबलेले असे, आणि अण्णांनी त्याच कामासाठी खाडीची पूर्ण रुंदी घेतली होती.

एकदा मात्र आम्ही टॉकीजमध्ये शेवटपर्यंत बसलो. पौषातली दशमी होती, हवेत गारठा होता, आणि अण्णा टोपी घालून उठले तेव्हा आजीने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवले. "एक दिवस बघू दे रे काय होतं ते," ती म्हणाली. अण्णांनी घड्याळाकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. तो सोळा रिळांचा होता. शेवटची तीन रिळे मी पाहिली, पण त्यांतले मला फारसे आठवत नाही, कारण अण्णा शेजारी सारखे घड्याळ चाळवत होते. धाकटा भाऊ थोरल्याच्या मांडीवर मेला, एवढे आठवते. दिवे लागले तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते.

धावतपळत तरीवर पोचलो तर तरवाला आमची वाट पाहत शिव्या घालत होता, मोठ्याने नव्हे, पाण्याकडे पाहून. होडी सुटली तेव्हा पाणी जोरात बाहेर चालले होते. आमच्या काठाशी आलो आणि होडीचा तळ मऊ घासला जाऊन ती थांबली. धक्का समोर दिसत होता, तीस-पस्तीस पावलांवर, आणि मधल्या चिखलावर चांदणे चकाकत होते. तरवाल्याने बांबू घालून दोनदा रेटून पाहिले. मग तो कंदील घेऊन खाली उतरला आणि पायाने चाचपत, कालवे कुठे आहेत ते सांगत पुढे निघाला. त्याच्या मागे आई बहिणीला कडेवर घेऊन, लुगडे गुडघ्यांवर खोचून उतरली. माझा हात तिच्या हातात होता आणि माझी एक चप्पल दुसऱ्याच पावलाला चिखलाने ओढून घेतली, ती अजून तेथेच असेल. सर्वांत शेवटी अण्णा. त्यांच्या पाठुंगळीला आजी होती.

निम्म्या वाटेत अण्णा दम खायला उभे राहिले. चहूकडे चिखलातले बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज येत होता. तेव्हा आजीने त्यांच्या खांद्यावरून मान पुढे काढून विचारले, "अरे, मग त्या धाकट्याचं काय झालं?"

आम्ही सगळे थांबलो. ती झोपली होती. ज्या तीन रिळांसाठी हा चिखल आमच्या नशिबी आला, त्या तिन्ही रिळांना आजी खुर्चीवर मांडी घालून स्वस्थ झोपली होती.

"सांगतो," अण्णा म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "गोळी लागली, पण खांद्याला. थोरल्याने उचलून दवाखान्यात नेला. महिनाभर पडून होता, मग उठला."

मी म्हणालो, "पण अण्णा..." आणि आईने माझा हात इतक्या जोराने दाबला की पुढचे शब्द तोंडातच राहिले.

"आणि त्या दुसऱ्याला, त्या दाढीवाल्याला?" आजीने विचारले.

"सक्तमजुरी. दोन वर्षं."

पुढे कंदील धरलेला तरवाला मागे न पाहता म्हणाला, "दोन कमी झाली."

अण्णांनी आजीला जरा वर सरकवून घेतले आणि पाय उचलला. "बरं, पाच," ते म्हणाले.